व्हिक्टोरियाचे घोडे गेले कुठे?

मे महिन्याच्या अखेरीस लग्नसराई सरली आणि तळीयेच्या रस्त्यावर कुणीतरी एक पांढरी घोडी सोडून गेले. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, नाल झिजलेले, कपाळावर वरातीच्या गोंड्याचा लाल दोरा तसाच. शाळेला सुट्टी होती. गावातल्या मुलांनी फोन केला, "सर, घोडी आलीय. कुणाचीच नाहीये."

आम्ही गेलो, आणि दयेपोटी माणसे जी चूक करतात तीच केली. घमेलेभर भात आणि घरोघरच्या शिळ्या भाकऱ्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने सगळे फस्त केले. रात्री ती पुढच्या पायांनी जमीन उकरू लागली, मान वळवून पोटाकडे पाहू लागली, मग खाली पडून लोळू लागली.

आमचे खालू पूर्वी मुंबईत व्हिक्टोरिया हाकत. घाबरून त्यांना फोन लावला. "काही घालू नका तिला. घोड्याला ओकता येत नाही, पोटात अडकले की जीव जातो. डॉक्टर येईपर्यंत हळूहळू चालवा," ते म्हणाले. पशुवैद्यांनी नाकातून नळी घालून तेल दिले, सुई टोचली. पहाटे तिने लीद टाकली तेव्हा आम्हाला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटावी!

दुसऱ्या दिवशी खालू एसटीने आले. दात पाहून म्हणाले, "अठराच्या पुढची." घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. वरातीचे काम पंधरा-सोळाव्या वर्षाला आटोपले तरी खाण्याची दहा वर्षे उरतात. रोज सात-आठ किलो सुका चारा, तीसेक लिटर पाणी, दीड-दोन महिन्यांनी खुरांची छाटणी. आमच्याकडचा भाताचा पेंढा पोट भरतो, पण अंगी लागत नाही. उपाशी जनावराला एकदम खुराकही देता येत नाही. आधी थोडे थोडे गवत, दिवसातून अनेकदा, आणि पुढे जमले तर भिजवलेले कुळीथ. (पिठीचे कुळीथ घोडाही खातो हे मुलांना फार आवडले.) त्यात कोकणचा पाऊस. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते. चिखलात तो आडवा होत नाही, आणि ओल्यात उभे राहून खूर कुजतात.

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेखातर घोडागाडी चालवणे बेकायदा ठरवले, बंद करायला वर्षाची मुदत दिली आणि कोचवान व घोडे दोघांच्याही पुनर्वसनाची योजना करण्यास सरकारला सांगितले. निकाल आम्हाला पटला होता. डांबरी रस्त्यावर, उन्हात, रोषणाईने मढवलेल्या गाडीला जुंपलेले ते घोडे आम्हीही पाहिले होते. पैगंबर (स.) यांनी रडणाऱ्या उंटाच्या मालकाला बोलावून जाब विचारला, ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतोच. पण खालूंचे काय झाले हे आम्ही कधी विचारले नव्हते. धंदा थांबला, तबेल्याचे भाडे थांबले नाही. दोन घोडे त्यांनी लग्नाच्या ठेकेदाराला विकले. "पुढे कुठे गेले, ठाऊक नाही," एवढेच बोलून ते घोडीला खरारा करीत राहिले. आमच्याच जिल्ह्यात माथेरानला आता ई-रिक्षा आली आहे. तिथल्या घोडेवाल्यांना हा प्रश्न आजच विचारायला हवा.

पुनर्वसन हा शब्द तळीयेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या दरडीत इथली ऐंशीहून अधिक माणसे गेली. उरलेल्यांनी कंटेनरच्या घरांत दिवस काढले, पक्क्या घरांची वाट पाहिली. दरडीत गोठा गमावलेल्या एका काकांनीच घोडीसाठी पडवी रिकामी केली आणि ताडपत्री बांधली. आम्ही संकोचलो तर म्हणाले, "जागा मिळेस्तोवर ताडपत्री चालते. आम्हाला माहीत आहे."

तीन आठवडे ती तिथे राहिली. मुले आळीपाळीने गवत आणीत. आम्ही ओळखीपाळखीत फोन करीत होतो. "मुलांना बसायला चालेल का?" असे विचारणारे बरेच निघाले, त्यांना नाही म्हटले. शेवटी घाटावरचा एक शेतकरी तयार झाला. त्याच्याकडे आधीचे दोन घोडे आहेत, हे खालूंना सर्वांत महत्त्वाचे वाटले. घोडा कळपातला, एकटा ठेवला तर झुरतो.

टेम्पो आला तेव्हा खालूंनी आमच्याकडून वहीचे पान मागून घेतले. विकायची नाही, जुंपायची नाही, वरातीला न्यायची नाही, आजारी पडली तर कळवायचे, असे आम्हाला लिहायला लावले. शेतकऱ्याने सही केली. कागदाच्या दोन प्रती केल्या होत्या. एक आम्ही शाळेच्या कपाटात ठेवणार होतो, पण खालूंनी ती घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली.