भिंतीवरचीं चित्रें आणि मुलांचें भवितव्य

“चित्रें काढून का कोणाचें पोट भरतें?” हा प्रश्न ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या घरांतून आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे, कीं त्याचें उत्तर विचार न करतांच दिलें जातें. गेल्या वर्षीं आमच्यांतील एका विद्यार्थ्यानें दहावीचा अभ्यास सुरू होतांच आपली रंगपेटी धाकट्या भावास देऊन टाकली. “आतां खेळ पुरे,” असें त्यास सांगण्यांत आलें होतें. हा खरोखर खेळ होता काय, याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

आपल्या कल्याणचें नांव या कलेशीं फार पूर्वींच जोडलें गेलें आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं १९२४ सालीं ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण घेतलें, त्या प्रसंगाची परंपरेनें चालत आलेली कथा त्यांत होती. त्याचें भित्तिपत्रक बाबूरावांनीं स्वतः रेखाटलें. आज शिल्लक असलेल्या अत्यंत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत त्याची गणना होते.

बाबूरावांचें मूळ आडनांव मेस्त्री. ‘पेंटर’ हें नांव त्यांस धंद्यानें दिलें. १८९० सालीं जन्मलेल्या या पुरुषानें कलाशाळेची पायरी न चढतां तैलरंग साधले, नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले, कॅमेराही स्वतः तयार केला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृतींनींच १९२९ सालीं प्रभात फिल्म कंपनी उभारली. मकबूल फिदा हुसेन यांनींही उमेदीच्या काळांत मुंबईंत सिनेमांचे फलक रंगवूनच गुजराण केली.

भित्तिपत्रक हें वाटतें तितकें सोपें काम नव्हे. भिंतीजवळून जाणारा माणूस घाईंत असतो. त्याची नजर क्षणभरच ठरते. तेवढ्या अवकाशांत नाटकाचें वा गाण्याच्या मैफलीचें नांव, दिवस, स्थळ आणि शिवाय त्याचा रस त्याच्या मनांत उतरवावयाचा असतो. काय ठेवावें यापेक्षां काय गाळावें, हें येथें अधिक कठीण. अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को शहरीं १९६६ च्या सुमारास वेस विल्सन यानें रॉक संगीताच्या जलशांचीं पत्रकें काढलीं. त्याचीं अक्षरें ज्वाळेसारखीं वळलेलीं व मुद्दाम दुर्बोध असत; वाचणाऱ्यानें थांबावें हाच त्यांचा हेतु. एका रात्रीपुरते छापलेले ते कागद पुढें संग्रहालयांत जाऊन बसले.

पालकांची भीति अगदींच निराधार आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकानें व फ्लेक्सच्या छपाईनें हातानें रंगविलेला फलक जवळजवळ नाहींसा केला, आणि अनेक कुशल हात रिकामे झाले. पण यंत्रानें कुंचला काढून घेतला तरी दृष्टि काढून घेतली नाहीं. डोंबिवली स्टेशनाबाहेर गर्दी करणारे वाढदिवसांचे फलक पाहावे. त्यांत रंग भरपूर, चेहरे डझनभर, अक्षरें टपोरीं. आणि चार पावलें पुढें गेल्यावर एकही लक्षांत राहत नाहीं. यंत्र सर्वांजवळ आहे. उणीव आहे ती योजणाऱ्याची. ती जोंवर आहे, तोंवर जाणत्या चित्रकारास काम आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेनें जाहिरातकलेचा विभाग १९३५ सालींच काढला होता, तो कांहीं मुलांच्या करमणुकीसाठीं नव्हे.

म्हणून पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मुलास एलिमेंटरी व इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसूं द्यावें, आणि त्यानें काढलेलें चित्र एकदां तरी शांतपणें पाहावें. विद्यार्थिबंधुभगिनींसही सांगणें आहे: आवड म्हणजे अभ्यासांतून सुटका नव्हे. बाबूरावांनीं पडदे रंगविले ते वर्षानुवर्षें. हात बसला तो त्यानंतर.

आणि ज्या मित्रानें आपली रंगपेटी देऊन टाकली, त्यानें ती धाकट्या भावाजवळून, वाटल्यास अर्धी तरी, परत मागून घ्यावी.