पुडी घेण्यात धोका, एकदम सोडण्यात त्याहून मोठा

सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन दिवसांत हिंडता-फिरता करणारी पुडी मिळाली, की ती कशाची आहे हे घरात कोणी विचारत नाही. एकाच पुडीने ठणका थांबतो, दम कमी होतो, भूक वाढते आणि अंगही भरते, तेव्हा पहिला संशय स्टेरॉइडचा घ्यावा. ‘जडीबुटी’ म्हणून विकलेल्या चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले आढळण्याचे प्रकार देशात वारंवार उघडकीस आले आहेत.

हे औषध मुळात वाईट नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. रक्तदाब टिकवणे, साखर घसरू न देणे, ताप किंवा अपघाताचा ताण पेलणे ही त्याची कामे. याच कुळातले कॉर्टिझोन 1948 साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला प्रथम दिले; या संशोधनाला 1950 चे नोबेल मिळाले. आजही तीव्र दम्यात स्टेरॉइड जीव वाचवते.

प्रश्न मात्रेचा आणि मुदतीचा आहे. शरीराची दिवसभराची गरज भागवायला सुमारे 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा 0.75 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन पुरते. बाहेरून याहून जास्त मिळत राहिले, की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी अधिवृक्काला हुकूम देणे थांबवते. असे काही आठवडे चालले तर अधिवृक्क आक्रसू लागते. इकडे चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय काटकुळे होतात, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. लोक त्याला ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात डोळे आणि जबडे गमावलेल्या रुग्णांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणे होती.

पण याहून कमी ठाऊक असलेला धोका पुडी बंद झाल्यावरचा आहे. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठकडची माणसे ऊसतोडीला निघतात आणि नेहमीची पुडी मागे राहते. कोणी ‘स्टेरॉइड घातक’ असे ऐकून गोळ्या फेकून देतो. अशात ताप किंवा जुलाब झाले, की आक्रसलेली ग्रंथी वाढीव कॉर्टिसॉल देऊ शकत नाही. वांत्या, पोटदुखी, गळाठा, घसरता रक्तदाब, कमी झालेली साखर ही त्याची लक्षणे. परभणीच्या मे महिन्यात हे सगळे ‘ऊन लागले’ म्हणून सहज खपून जाते. वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाईन मिळाले तर रुग्ण वाचतो. निदान चुकले तर दगावतो.

म्हणून ‘स्टेरॉइड घेऊ नका’ एवढाच प्रचार अपुरा आहे. 1940 च्या औषध कायद्यानुसार चिठ्ठीविना ही औषधे विकणे आणि चूर्णात ती मिसळणे गुन्हा आहे. अन्न व औषध प्रशासनाने मेडिकल दुकानांबरोबर आठवडी बाजारातल्या चूर्णांचेही नमुने तपासावेत. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी गरीब रुग्णालाही तिथे परवडावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी प्रत्येक गळाठलेल्या रुग्णाला विचारावे, ‘पुडी, गोळी, इंजेक्शन कुठले चालू होते?’

आणि वाचकांनो, घरात अशी पुडी चालू असेल तर ती लपवू नका, मनाने बंदही करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा त्यांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनेच उतरवली पाहिजे.