नशीब नव्हे, विकत घेतलेला रोग

तोंडाचा कर्करोग झाला की घरची माणसे नशिबाला बोल लावतात आणि सुशिक्षित मंडळी रोग्याच्या व्यसनाला. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पनवेल तालुक्यातील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संस्थेने, बंगालमधील कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेसह, हिरड्या व गालफडाच्या कर्करोगाच्या ११० रोग्यांची जनुके तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेशींच्या वाढीला आवर घालणारे टीपी-५३, निकामी पेशींना मरण आणणारे कॅस्प-८ अशा अनेक जनुकांत बिघाड आढळला. हा बिघाड गाठीत होता. त्याच रोग्याच्या रक्तात नव्हता. अर्थात तो आईबापांचा वारसा नव्हे, जन्मानंतर जडलेला आहे. तंबाखूतील नायट्रोसामाइन जनुकांना इजा करतात. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला.

मग दोष एकट्या श्रमिकाच्याच माथी का? नफा उत्पादकाचा, उपचाराचे कर्ज मात्र कुटुंबाचे, असा हा हिशेब आहे. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पानमसाला व तंबाखू निराळ्या पुड्यांत विकून ती चुकविण्यात आली.

जनुकांतील बिघाड पायरीपायरीने साचत जातो. म्हणूनच रोगाला वाटेत गाठण्यास अवधी मिळतो. कार्यकर्त्यांनी नाक्यावरच्या मजुरांना तोंडातील पांढरा चट्टा व न भरणारा व्रण ओळखायला शिकवावे आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मुखतपासणीचा आग्रह धरावा. संशोधन तालुक्यात झाले. त्याचे फळ तालुक्यातील कष्टकऱ्यापर्यंत पोचलेच पाहिजे.