इंडिकेटरवाले भिसे

नेरूळहून उरण लोकल पकडा. बामणडोंगरी गेलं, खारकोपर गेलं, की खिडकीबाहेर खाडी दिसते, तिवरं दिसतात आणि मधूनच कंटेनरचे ढिगारे. गव्हाण, शेमटीखार, न्हावा शेवा, द्रोणागिरी ही नावं मुंबईकराच्या जिभेवर अजून रुळलेली नाहीत. रुळणार कशी? २०१८ मध्ये गाडी खारकोपरपर्यंत आली आणि उरण गाठायला तिला जानेवारी २०२४ उजाडावा लागला. त्यामुळे या गाडीतला प्रत्येक नवखा माणूस एकच गोष्ट करतो. मान वर करून डब्यातल्या पट्टीकडे बघत राहतो. पुढील स्टेशन कोणतं?

नेमक्या याच प्रश्नावर एका मुंबईकराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डोकं चालवलं होतं. त्या वेळी मुंबईच्या गाड्या वाफेवर धावत होत्या. हार्बर लाइनवर, व्हीटी ते कुर्ला, विजेवरची पहिली गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला. म्हणजे वीज यायच्या कितीतरी आधी या गृहस्थांनी लोकलसाठी स्टेशन दाखवणारा इंडिकेटर तयार केला होता. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी माझ्या ओळखीच्या आठ-दहा इंजिनीअर मित्रांना विचारलं. एकाने विचारलं, 'क्रिकेटर का?'

भिसे इंजिनीअर नव्हते, हीच तर मजा आहे. विज्ञानाचं रीतसर शिक्षण म्हणतात तसं काही त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांचं कॉलेज म्हणजे 'सायंटिफिक अमेरिकन' हे मासिक. बोटीने मुंबईत येणारे त्याचे अंक वाचायचे, आकृत्या डोक्यात ठेवायच्या आणि घरी खटपट करायची. चौदाव्या वर्षी या पोराने घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस बनवायचं उपकरण केलं. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा गॅसचे दिवे होते, ते १८६० च्या दशकात आलेले. दिवा सगळेच बघत असतील, याला त्यातला गॅस कुठून येतो ते बघायचं होतं. सोळाव्या वर्षी त्याने ठरवून टाकलं की इंग्लंड नाहीतर अमेरिका, तिथे जायचं. मधल्या काळात दृष्टिभ्रमाचे प्रयोग करून दाखवले, कुणी फोडून फेरफार करू शकणार नाही अशी बाटली केली, सायकलला विजेची काहीतरी करामत जोडली.

मग एक स्पर्धा आली. १८९० च्या दशकाच्या अखेरीला लंडनच्या एका नियतकालिकाने आव्हान दिलं. किराणा माल आपोआप मोजून देणारं यंत्र तयार करा. भिशांनी मुंबईत बसून काही तासांत आराखडा काढला, पाठवला आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस पटकावलं. आजच्या भाषेत सांगायचं तर बिझनेस प्लॅन कॉम्पिटिशन मारली! आणि अशी कॉम्पिटिशन मारल्यावर जे होतं तेच झालं. गावभर कौतुक आणि 'तू इथे काय करतोयस, बाहेर जा' असा सल्ला.

भिसे लंडनला निघाले तेव्हा त्यांच्या खिशात दिनशा वाच्छांचं पत्र होतं, दादाभाई नौरोजींच्या नावे. इथून पुढे या माणसाचा पैशाचा हिशेब मांडला तर काँग्रेसचा इतिहास हाताशी लागतो. दादाभाई तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्ष, १८८६, १८९३ आणि १९०६. वाच्छा १९०१ चे अध्यक्ष. पुढे या गोष्टीत गोखले येतात, ते १९०५ चे. एका संशोधकाच्या फाइलवर तीन-तीन काँग्रेस अध्यक्ष! आजच्या कुठल्याही स्टार्टअपला विचारा, असे मेंटॉर मिळाले तर काय द्याल?

दादाभाईंनी पदरचे पैसे घातले. भिशांनी लंडनमध्ये वर्कशॉप थाटलं. विजेवर चालणारा, अक्षरं बदलणारा जाहिरातीचा बोर्ड केला, तो क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकला. स्वयंपाकघरातली उपकरणं केली, टेलिफोन केला, डोकेदुखी घालवणारं यंत्र केलं, आपोआप फ्लश होणारा संडास केला. (हा शेवटचा शोध आपल्या हायवेवरच्या ढाब्यांपर्यंत अजून पोचायचाय.) विजेचं अप्रूप किती होतं याची कल्पना यायला एक गोष्ट सांगते. १९०४ मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेने चुंबकीय मोजमापांचं काम मुंबईतून उचलून समुद्रापलीकडे अलिबागला नेलं. कारण मुंबईची ट्राम विजेवर धावणार होती, आणि त्या विजेने वेधशाळेची नाजूक उपकरणं बिघडली असती. ट्राम प्रत्यक्ष धावली १९०७ ला. मुंबई विजेची अशी वाट बघत होती, तेव्हा तिचा एक पोरगा लंडनमध्ये विजेच्या पाट्या लावत होता.

पण यातलं काहीच भिशांचं खरं वेड नव्हतं. खरं वेड १९०१ पासूनचं. छपाईचा टाइप.

आपल्या पिढीने खिळा बघितलेला नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. पूर्वी एकेक अक्षर धातूचं असायचं, त्याला प्रेसवाले खिळा म्हणायचे. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतायचा, तो थंड झाला की खिळा बाहेर. मग जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. अमेरिकेत १८८० च्या दशकात लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रं निघाली, ती बटणं दाबून टाइप ओतायची आणि जुळवायचीही. सगळं अडायचं ते वेगापाशी. रस साच्यात निवायला वेळ लागतो, घाई केली की अक्षर फाटतं, पोकळ निघतं. भिशांनी हाच मुद्दा पकडला. त्यांच्या 'भिसोटाइप'बद्दलचा दावा मिनिटाला १२०० खिळ्यांचा होता. लंडनच्या मुरलेल्या टाइप फौंड्रीवाल्यांना तो अशक्य वाटत होता, आणि एक काळा, बिनडिग्रीचा मुंबईकर तो करतोय हे त्याहून अशक्य वाटत असणार.

यंत्र बनवायला आता खरा पैसा लागणार होता. दादाभाईंच्या खिशाचा आवाका संपला होता. मग पैसे उभे करायला पुढे आले हेन्री हिंडमन. हे कोण? ब्रिटनमधले मार्क्सवादी पुढारी! १५,००० पौंड उभे करून देण्याचा वायदा त्यांनी केला. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. भारतातून संपत्ती कशी ओढून नेली जाते यावर १९०१ मध्येच जाडजूड पुस्तक काढणारे दादाभाई आणि भांडवलशाही कोसळणार असं व्याख्यानांत सांगणारे हिंडमन, हे दोघं मिळून लंडनच्या बाजारात एका कंपनीसाठी भांडवल शोधतायत. पैसे उभे राहिले नाहीत. १९०७ पर्यंत दादाभाई वयापरत्वे मुंबईला परतलेले. १९०८ च्या अखेरीला भिशांनी वर्कशॉप मोडलं आणि बोट पकडली.

मला इथे राग येतो. हिंडमनचा नाही, ते बिचारे मनापासून खटपट करत होते. राग येतो तो आपण या कहाणीला 'देशभक्तांनी हात दिला' एवढ्यावर गुंडाळतो याचा. हात दिला, अगदी खरं. पण दादाभाईंना हिंदी माणसाची बुद्धी जगाला दाखवायची होती, हिंडमनना साम्राज्यशाहीला चपराक द्यायची होती. यंत्र विकायचं कुणाला, दुरुस्त कोण करणार, प्रेसवाला जुनं टाकून नवं का घेईल, हे विचारणारा माणूस त्या खोलीत कोण होता? अभिमानाने दिलेला पैसा पहिला हप्ता पटकन देतो. सहाव्या-सातव्या वर्षी वर्कशॉपचं भाडं भरायची वेळ येते तेव्हा अभिमानापेक्षा नफ्याची आशा असलेला माणूस जास्त टिकतो. एडिसनकडे जे. पी. मॉर्गनचा पैसा होता आणि मॉर्गनला देशप्रेमाशी घेणंदेणं नव्हतं. भिशांना लोक 'इंडियन एडिसन' म्हणायला लागले, पण मॉर्गन कुणीच झाला नाही.

दुसरी एक तुलना मला राहून राहून आठवते. भिशांच्याच गावात, त्यांच्या एक पिढी आधी, जावजी दादाजी चौधरी नावाचा गरीब घरचा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला होता, पगार महिना दोन रुपये. शाळा नावापुरती. त्याने १८६४ मध्ये स्वतःची टाइप फौंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर प्रेस. राणोजी रावजी आरू या मित्राने देवनागरी अक्षरांचे ठसे कोरले, आणि त्या देखण्या अक्षरात संस्कृत-मराठी ग्रंथ देशभर गेले. तुमच्या आजीच्या देवघरातल्या पोथीचं शेवटचं पान उघडून बघा, निर्णयसागर निघायची शक्यता बरीच आहे. जावजींनी जगातलं सगळ्यात वेगवान यंत्र केलं नाही. रोमनला शंभरेक खिळ्यांत भागतं, देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरं धरून कित्येक शेकडे लागतात. त्यांच्या गल्लीतल्या प्रत्येक छापखान्याची ही अडचण होती आणि त्यांनी ती सोडवली. गिऱ्हाईक दारात उभं होतं. भिशांचं गिऱ्हाईक फ्लीट स्ट्रीटला होतं आणि त्याच्या दारात भिसे उभे होते. याचा अर्थ भिशांनी मुंबईतच राहायला हवं होतं का? मला तसं म्हणायचं नाही. गावठी चाकोरीत ते गुदमरले असते. पण दोघांतला फरक बुद्धीचा नव्हता एवढं नक्की.

भारतात परतल्यावर गोखल्यांनी मध्यस्थी केली आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी पैसे घातले. १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभी राहिली. हा पहिला धंदेवाईक पैसा. भिसे पुन्हा लंडनला, पुन्हा यंत्र, पुन्हा सुधारणा. मग महायुद्ध लागलं आणि तीही गाडी थांबली.

१९१६ ला भिसे न्यूयॉर्कला पोचले. वय ४९. या वयात माणूस घराचे हप्ते संपायची वाट बघतो, हे तिसऱ्या खंडात पहिल्यापासून सुरुवात करत होते. टाइपच्या यंत्रासाठी तिथेही कंपनी काढली. पण हात दिला तो भलत्याच गोष्टीने. त्यांनी आयोडीनचं एक औषध तयार केलं, आधी 'बेसलीन', पुढे 'ॲटोमिडीन'. एडगर केसी नावाचे अमेरिकन गृहस्थ समाधी लावून लोकांना उपचार सांगायचे, त्यांच्या सांगण्यात हे ॲटोमिडीन वारंवार यायला लागलं आणि ते नाव तिकडे रुजलं. औषधाचे गुण-अवगुण डॉक्टरांवर सोडू. मला गंमत वाटते ती नशिबाची. पंधरा-वीस वर्षं शिशाच्या रसाशी झुंजलेल्या माणसाला अमेरिकेने ओळखलं ते आयोडीनच्या बाटलीवरून.

न्यूयॉर्कमधले भिसे अजून विचित्र होत गेले, किंवा मोकळे होत गेले म्हणू. मृतात्म्यांशी बोलायचा 'स्पिरिट टाइपरायटर' त्यांनी केला. (टाइप काही डोक्यातून जाईना!) सगळ्या धर्मांना एका छपराखाली आणणारं 'लोटस फिलॉसॉफी सेंटर' काढलं. हसू नका, त्या काळात भले भले शास्त्रज्ञ प्लँचेटच्या टेबलाला हात लावून बसत होते. १९३० मध्ये त्यांची आणि एडिसनची प्रत्यक्ष भेट झाली. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे. शाळेशी फारसं न जमलेली दोन माणसं समोरासमोर, एकाच्या नावावर हजाराच्या वर पेटंटं, दुसऱ्याच्या नावावर सांगतात ती चाळीसच्या आसपास.

७ एप्रिल १९३५ ला भिसे न्यूयॉर्कमध्ये वारले. ६८ वं वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे होते. त्यांची यंत्रं ज्या प्रकारच्या छपाईसाठी होती ती शिशाची छपाईही पुढे ऑफसेट आणि कॉम्प्युटरने संपवली. लायनोटाइप, मोनोटाइप ही जिंकलेली यंत्रंसुद्धा आता म्युझियममध्ये आहेत.

नेटवर भिशांना शोधायचं असेल तर एक टिप देते, कारण मला यात बराच वेळ लागला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'बी'नंतर 'एच' घालून 'भिसे' टाइप केलंत तर टाइपकास्टर, दादाभाई, टाटा असा माल निघतो. 'एच' गाळा आणि शंकरच्या जागी अमेरिकन थाटाचं 'संकर' लिहा. मग केसींचे भक्त भेटतात, आयोडीनचे थेंब किती घ्यायचे यावर हिरिरीने बोलणारे. त्यांच्यातल्या बहुतेकांना हा संकर मुळात कुठला होता, हे माहीत नाही.