आकड्याची झिंग

आमच्या मध्यमवर्गात अलीकडे एका नव्या दैवताची प्रतिष्ठापना झाली आहे. ते दैवत म्हणजे बाटलीवरचा आकडा! बारा, अठरा, एकवीस, पंचवीस. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, मुलाच्या पदवीदानाच्या छायाचित्राशेजारी, मखमली पिशवीत हे दैवत विराजमान असते. पाहुणा आला की यजमान ती बाटली तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी बाहेर काढतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "एकवीस वर्षांची आहे हो!" पाहुणा म्हणतो, "अरे वा!" अजून बूच उघडलेले नाही, पेल्यात थेंब पडलेला नाही, आणि निकाल लागून गेला! प्रश्नपत्रिका फोडण्याआधीच गुण वाटणाऱ्या या परीक्षकांविरुद्ध मला लिहायचे आहे.

आता, ज्या अंकातली कोडी आजी सोडवते आणि चित्रे नात पाहते, त्या दिवाळी अंकात स्कॉच व्हिस्कीवर लेख कशाला, असे कोणी तरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. ज्याने आजवर पेल्याला हात लावला नाही, त्याने हा लेख वाचून लावावा असे मला मुळीच वाटत नाही. उलट न घेणाऱ्याचे नाक शाबूत असते, आणि माझ्या पुढच्या म्हणण्याला तेच अधिक उपयोगी आहे. पण ज्या घरात बाटली शोभेची वस्तू म्हणून येऊन बसलेली आहे, त्या घराने ती काय आहे हे तरी जाणून घ्यावे की नाही? पैसे घरचेच गेलेले असतात!

आधी तो आकडा म्हणजे काय ते पाहू. स्कॉटलंडात नुकतीच गाळलेली दारू पाण्यासारखी स्वच्छ आणि रंगहीन असते. ती ओकच्या लाकडाच्या पिंपात भरून मुरत ठेवतात. किमान मुदतीचा कायदा प्रथम १९१५ साली झाला. आज २००९ च्या नियमांप्रमाणे ती निदान तीन वर्षे, सातशे लिटरपेक्षा मोठे नसलेल्या पिंपात, स्कॉटलंडच्या भूमीवरच मुरावी लागते. बाटलीवर 'बारा' लिहिले तर आतल्या मिश्रणातील सर्वांत कोवळी व्हिस्की बारा वर्षांची, असा त्याचा अर्थ. म्हणजे हा आकडा वर्गातल्या सर्वांत लहान मुलाचे वय सांगतो. मुले हुशार आहेत की ढ, याविषयी तो अवाक्षर काढीत नाही.

शिवाय हे वय पिंपातले, बाटलीतले नव्हे. काचेत व्हिस्की मुरत नाही! माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे परदेशातून मुलाने आणलेली बारा वर्षांची बाटली होती. ती त्यांनी धाकटीच्या लग्नासाठी म्हणून चौदा वर्षे कपाटात जपली, आणि दरवर्षी दसऱ्याला ते हिशेब करीत: बारा अधिक सहा अठरा, बारा अधिक नऊ एकवीस. लग्नाच्या आदल्या रात्री बाटली निघाली तेव्हा त्यांच्या हिशेबाने ती सव्वीस वर्षांची झाली होती. बूच हातात भुगा होऊन आले, आतली पातळी चांगली बोटभर उतरलेली. माणूस गणिताचा, पण हे गणित त्यांना आजतागायत कोणी सांगितले नव्हते. ज्यांनी ज्यांनी त्या कपाटापुढे उभे राहून माना डोलावल्या त्यांतल्या एकाने तरी सांगायला नको होते का?

आकडेवाल्यांचे सख्खे चुलतभाऊ म्हणजे 'सिंगल माल्ट'चे सोवळेकरी. एकाच भट्टीतली, निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची, तीच खरी. मिश्रण म्हणजे बाटगे, असे हे लोक नाक वर करून सांगतात. या सोवळेपणाला उत्तर द्यायला मला एडिंबरोला जावे लागत नाही, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत गेले की पुरते. वाचकहो, आज आपण जी चकली खात आहात ती कशाची? भाजणीची! तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे, प्रत्येक वेगळे भाजायचे, प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ निराळा, आणि मग एकत्र दळायचे. उडीद जास्त पडला तर चकली कडक, तांदूळ बिघडला तर मऊ. 'आमच्याकडे एकाच डाळीची शुद्ध चकली असते' अशी फुशारकी मारणारी सुगरण मी अद्याप पाहिलेली नाही. स्कॉच मिश्रणाचेही तेच. तांब्याच्या भांड्यात गाळलेली, अंगाने भरदार माल्ट. आणि गहू किंवा मका यांपासून उंच स्तंभयंत्रात अखंड गाळलेली, हलकी धान्य-व्हिस्की. त्यांचे डझनावारी नमुने नाकाने हुंगून जो प्रमाण बसवतो तो ब्लेंडर. त्याचे बहुतेक काम नाकावर चालते. दिवसभर चाखत बसला तर संध्याकाळी त्याला घरी पोचवावे लागेल!

आणि इतिहास पाहिला तर हे सोवळे फार जुनेही नाही. डब्लिनचे एनियस कॉफी हे अबकारी खात्यातले माजी अधिकारी. त्यांनी १८३० साली त्या स्तंभयंत्राचे पेटंट घेतले. १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच गोदामात माल्ट आणि धान्य-व्हिस्की एकत्र करण्याची मुभा मिळाली, आणि मग पुढे फ्रान्समधले द्राक्षमळे फायलोक्सेरा नावाच्या किडीने उद्ध्वस्त करून ब्रँडीचा दुष्काळ पाडला तेव्हा ही मिश्रणे जगभर पसरली. माल्टवाल्यांना हे रुचले नाही. लंडनच्या इझलिंग्टन भागात १९०५ साली खटलाच उभा राहिला, आणि १९०६ मध्ये निकाल मिश्रणाच्या विरुद्ध गेला. शेवटी 'व्हिस्की म्हणजे काय?' हे ठरवायला रॉयल कमिशन बसवावे लागले. १९०९ साली त्याने निर्वाळा दिला की धान्याची तीही व्हिस्की आणि मिश्रण तेही व्हिस्कीच. शंभर वर्षांपूर्वी निकालात निघालेला वाद आमचे सोवळेकरी दादरच्या गच्चीवर बसून पुन्हा उकरून काढतात, याला काय म्हणावे?

मग म्हातारी व्हिस्की वाईट का? छे! लाकूड काम करते यात शंका नाही. अमेरिकेत बर्बनसाठी पिंप नवेच लागते, म्हणून वापरलेली पिंपे स्कॉटलंडला येतात आणि व्हॅनिलाचा गोडवा देतात. स्पेनमधल्या शेरीची पिंपे मनुकांचा गर्द वास देतात. पिंपाच्या जळक्या आतल्या पृष्ठभागाने कोवळ्या दारूचा उग्रपणा शोषला जातो. पण लोणच्याचे पाहा. चैत्रात घातलेले लोणचे आषाढात मुरते, पुढच्या चैत्रात त्याला वेगळीच गोडी येते; म्हणून ते दहा वर्षे ठेवावे काय? फोड लिबलिबीत होते! पिंपातही लाकडाचा तुरटपणा वर्षावर्षाने चढत जातो. दरसाल सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. स्कॉटिश लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. एकवीस वर्षांत पिंपाचा तिसरा हिस्सा या देवदूतांनी फस्त केलेला असतो. त्याची किंमत तुमच्याआमच्याकडून वसूल होते. म्हणून जुनी महाग. ती महाग आहे याचे कारण ती उरली थोडी, ती झाली चांगली हे नव्हे! आणि 'एकवीस' याच आकड्याचे गौडबंगाल सांगायचे तर, १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाला शिव्हास ब्रदर्सनी 'रॉयल सॅल्यूट' काढली. ती एकवीस वर्षांची, कारण तोफांची सलामी एकवीसची! तो आकडा तोफखान्यातून आला, जिभेवरून नव्हे.

हे सारे पुस्तकी झाले. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी प्रत्यक्ष परीक्षा घेतली. माझा भाचा स्वतः थेंबाला शिवत नाही. त्याने स्वयंपाकघरात तीन बाटल्यांतून पेले भरले आणि त्यांवर क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावल्या. तिन्ही मिश्रणेच. एक एकवीस वर्षांची, एक बारा वर्षांची, एक बिनआकड्याची. पेले तोंडाशी निमुळते, बर्फ नाही (बर्फाने नाक आणि जीभ दोन्ही बधिर होतात), आधी नुसते हुंगायचे, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा. पाणी घालणे हा गावंढळपणा नव्हे. २०१७ साली स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर मांडून दाखवले की पाण्याने मद्य सौम्य झाले की धुरकट वासाचे ग्वायकॉल पृष्ठभागाशी येते. म्हणजे नाकाच्या जवळ!

'क'चा वास अप्रतिम होता. भिजवलेल्या मनुका, जायफळ, आणि आजोबांचे सागवानी कपाट उघडल्यावर येतो तो कोरडा, जुना वास. केवळ हुंगायचे असते तर मी तिलाच पहिला नंबर दिला असता. तोंडात मात्र पहिला गोडवा सरला आणि मागे काताचा तुरटपणा उरला, तो पाण्यानेही हटेना. 'ख' वासाला साधी; थोडा मध, भाजलेला रवा, सफरचंदाची साल, आणि अगदी शेवटी दूरच्या शेगडीचा धूर. पण तोंडात ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सुरात चालली. 'ग' रंगाने सर्वांत गडद. गोड वास, मग तिखटपणा, मग काहीच नाही. मी ख, क, ग असा क्रम कागदावर लिहून घडी घातली. आमच्यातले आकड्याचे कट्टर उपासक गृहस्थ मात्र 'ग' उजेडात धरून म्हणाले, "रंग बघा, रंग! वय लपत नसते." भाचा दारातून म्हणाला, "मामा, सांगू का आता?" 'ग' होती बिनआकड्याची, तिघींत स्वस्त. एकवीस वर्षांची 'क', बारा वर्षांची 'ख'. उपासक म्हणाले, "पोराने पेले अदलाबदल केले!"

रंगाने फसणारे ते एकटे नव्हेत. फ्रान्समध्ये २००१ साली चौपन्न विद्यार्थ्यांपुढे पांढऱ्या वाइनमध्ये तांबडा रंग घालून ठेवली, तर त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. स्कॉचमध्ये तर जळक्या साखरेचा रंग घालायला कायद्यानेच मुभा आहे!

एक टोला त्या विशेषणवाल्यांनाही. "हेदर, मार्झिपान, ख्रिसमस केक" असे शब्द हे लोक परदेशी पुस्तकातून पाठ करून फेकतात. अहो, हेदरचे फूल तुम्ही कधी पाहिले आहे काय? तुमच्या नाकाची शाळा जायफळ, डिंकाचा लाडू, कोकम, ओल्या मातीची चूल यांत झाली. मग साक्ष तिथली काढा ना! उसन्या शब्दांनी साक्ष देणारा साक्षीदार कोणत्याही न्यायालयात उलटतपासणीत कोसळतो.

ही लेबलपूजा आपल्याकडे का माजली, याचे माझे निदान असे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू थांबली नाही, ती दाराआड गेली. चोरून घेणारा माणूस हुंगत बसत नाही; तो घाईने गिळतो. माल अस्सल की भेसळीचा, याला पुरावा एकच: बाटली आणि तिचे लेबल. बंदी पुढे सैल झाली, पण डोळ्यांनी पिण्याची ती सवय पिढीजात उतरली.

आता तर बाजार दारात आला आहे. २०२२ साली स्कॉचच्या निर्यातीत बाटल्यांच्या संख्येने भारताने फ्रान्सला मागे टाकून पहिला नंबर पटकावला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या ब्रिटनशी व्यापारकरारात दीडशे टक्के जकात पंचाहत्तरवर आणि दहा वर्षांत चाळीसवर आणायचे ठरले. आकडे अधिक सोनेरी होतील, डबे अधिक जड होतील. जर्मनीत व्हिस्की विकायची तर रंग घातल्याचे बाटलीवर छापावे लागते. खुद्द ब्रिटनमध्ये तशी सक्ती नाही. आमच्या देशात येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर, वयाच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत, रंग घातला की नाही हे छापलेच पाहिजे, आणि देवनागरीत छापले पाहिजे! तोवर माझ्या घरी येणारी प्रत्येक बाटली भाचा वर्तमानपत्रात गुंडाळूनच बाहेर आणील. उपासक गृहस्थांना भाऊबीजेचे आमंत्रण गेले आहे. पेले त्यांनी स्वतः भरावेत, डोळे भाचा बांधील.