लिफ्ट घ्या, पण आधी जमीन पाहा!

गाडी घेताना आपण दहा जणांना विचारतो. अ‍ॅव्हरेज किती, रिसेल किती, पार्ट मिळतात का? पण त्याच गाडीखाली जो माणूस आडवा होऊन काम करतो, त्याच्या छातीवरचं ओझं कशावर उभं आहे, हे कुणी विचारत नाही. आमच्या वाशिम जिल्ह्यात रिसोडला जा की कारंज्याला, जॅकवर उचललेली आणि खाली दोन विटा सरकवलेली गाडी कुठेतरी दिसतेच. म्हणून घरच्या शेडमध्ये कुणी लिफ्ट बसवतो म्हणाला की मला आनंद होतो. आणि लगेच काळजीही वाटते.

गेल्या दिवाळीत आमच्या काकांनी विचारलं, "काहून रे, तू मेकॅनिकलचा ना? दोन टनाची घेऊ का चार टनाची?" सगळे इथूनच सुरुवात करतात. माझ्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. बोलेरो साधारण दीड टनाची. वॉशिंग सेंटरच्या लिफ्टचा दांडा २५ सेंटीमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ झालं सुमारे ४९० चौरस सेंटीमीटर. म्हणजे गाडीच्या वजनासाठी दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम तीन किलोचा दाब लागतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसरही एवढा दाब देतो! पास्कलच्या कृपेने उचलणं सोपं आहे. अवघड आहे ते धरून ठेवणं.

आता दोन खांबांची लिफ्ट घ्या. प्रत्येक खांबाच्या वाट्याला पाऊण टन आलं. ते खांबावर सरळ येत नाही, तर पुढे आलेल्या हातांवर येतं. हे अंतर समजा मीटरभर. म्हणजे ७५० किलोग्रॅम-मीटरचा मोमेंट खांबाला आत ओढतो आणि त्याचा बराचसा भार बुडाच्या अँकर बोल्टवर येतो. म्हणून अशा लिफ्टखाली निदान चार इंच, बरेचदा त्याहून जाड, चांगलं पिकलेलं काँक्रीट लागतं. आपल्या घरच्या शेडमध्ये काय असतं? मुरमावर शहाबादी फरशी, नाहीतर पातळ कोबा. बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धरायला खाली काहीच नसतं.

त्यात आपली काळी माती! सिव्हिलच्या मित्रांनी फ्री स्वेलचं प्रॅक्टिकल केलंच असेल. दोन नळ्यांत दहा-दहा ग्रॅम माती, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती फुगलेली असते. तीच माती पावसाळ्यात शेडखाली फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मग फरशी तडकते, खांब ओळंब्यात राहत नाही. कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात आपली जमीन कुठून असणार?

आणखी दोन गोष्टी. बोलेरोची उंची सुमारे सहा फूट, खाली उभा राहणारा माणूस साडेपाच-सहा फुटांचा. म्हणजे बारा फूट हवेत, आणि आपला स्लॅब दहा फुटांचा! दुसरं म्हणजे लॉक. वर गेलेली गाडी तेलाच्या दाबावर कधीच सोडायची नाही. खाचेत बसणारा लोखंडी खटका हवा आणि प्रत्येक वेळी तो बसल्याचा आवाज ऐकायला हवा. सील केव्हा फुटेल ते सांगून फुटत नाही.

कुणी म्हणेल, मग खड्डाच बरा. स्वस्त आहे हे खरं. पण पावसाळ्यात त्यात पाणी भरतं. शिवाय पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड, ती खड्ड्यातच साचते. तिथे एक ठिणगीही पुरे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुरूम भरून, सळई टाकून जाड काँक्रीट करायची तयारी असेल आणि छत उंच असेल तरच दोन खांबांची घ्या. घरच्या कामाला कंबरेपर्यंत उचलणारी सिझर लिफ्ट किंवा भार सरळ खाली देणारी चार खांबांची बरी, पण तिलाही सपाट, पक्की जमीन लागतेच. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर पक्क्या जागी चांगले जॅक स्टँड आणि चाकांना ठोकळे लावा. कोब्यावरच्या लिफ्टपेक्षा ते शंभर पटींनी सुरक्षित.

मित्रांनो, व्हायवात आपण मोमेंटची व्याख्या धडाधड सांगतो. सुट्टीत गावी गेलात की एकदा ओळखीच्या गॅरेजमध्ये डोकवा. गाडीखाली विटा दिसल्या तर त्या पोराला तिथून आधी बाहेर काढा. आपण शिकलो, त्याचा गावाला एवढा तरी उपयोग होऊ द्या.