अंगठा घेतला म्हणून भरपाई मिटत नाही



पालघर जिल्ह्यातल्या तलासरी-डहाणू पट्ट्यात कामावर हात-पाय गमावलेल्या माणसाचा निवाडा कोर्टात क्वचितच होतो. तो होतो मुकादमाच्या ओट्यावर. गुजरातमधल्या सरीगाम, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत रोज राज्याची हद्द ओलांडून जाणारे, दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड हलवणारे आणि हल्ली बुलेट ट्रेन किंवा बडोदा महामार्गाच्या कामावर पोटठेकेदाराच्या हाताखाली राबणारे, सगळ्यांच्या बाबतीत रीत एकच. जखमी माणूस दवाखान्यातून घरी येण्याआधी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर तयार असतो: रक्कम पोचली, तक्रार नाही, पुढे कुठेही दावा करणार नाही. खाली त्याचा अंगठा (डावा गेला असेल तर उजवा) आणि साक्षीला गावातलाच कुणीतरी पुढारी. निवृत्त शिक्षक असल्याने असे कागद वाचून दाखवायला लोक माझ्याकडे आणतात. वाचायची वेळ सहीनंतर येते, हे विशेष.

1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरतो. मग तो नोटरीसमोर होवो, सरपंचासमोर होवो की देवासमोर. तडजोड करायला बंदी नाही, पण एकरकमी तडजोडीचा मसुदा भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली, किंवा दबावाने अथवा फसवून घेतलेली दिसली, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मालकाने मसुदा पाठवलाच नाही तर कलम 29 लागू होते: भरपाई पूर्ण द्यावी लागते आणि आधी दिलेल्या पैशांपैकी, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर, निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही. स्टॅम्प पेपर खिशात ठेवून निश्चिंत झालेल्या शेठलोकांनीही हे कलम वाचून ठेवावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण त्याआधीच्या अपघातांना जुनाच लागू आहे आणि नव्यानेही तडजोडीच्या नोंदणीची अट काढलेली नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी लबाडी तिथे आहे. तीस वर्षांचा कामगार, महिना 12,000 रुपये मजुरी, यंत्रात मनगटापासून हात गेला. मजुरीचे 60 टक्के म्हणजे 7,200. तिसाव्या वर्षासाठी कायद्याच्या परिशिष्टातला गुणक 207.98. गुणाकार 14,97,456. हात गेल्याची कमाईक्षमतेतली घट परिशिष्टात 60 टक्के धरली आहे, म्हणून किमान भरपाई सुमारे 8,98,000 रुपये. अपघातानंतर महिनाभरात ती दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. मुकादमाच्या ओट्यावर दीड लाखाचा आकडा निघतो तेव्हा ‘शेठने मोठे मन दाखवले’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाटीवर मांडून पाहावा. दीड लाख देऊन नोंदणी टाळली, तर त्यातले जेमतेम 75,000 वळते होतील आणि जवळपास सव्वाआठ लाख उरतीलच.

आणि हा 60 टक्क्यांचा आकडासुद्धा शेवटचा नाही. 1976 साली प्रतापनारायण सिंह देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराची कमाईक्षमता शंभर टक्के गेली असे मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. त्याच निकालात भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, असेही म्हटले आहे. दवाखान्याचा दाखला शरीराचे किती नुकसान झाले ते सांगतो. माणूस आता कोणते काम करू शकतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि रक्कम त्यावर ठरते. म्हणून जखम भरून डॉक्टरांनी मूल्यांकन करेपर्यंत रक्कम बोलायचीच नाही. पहिल्याच आठवड्यात घाईला येणारा माणूस कोणाचे हित बघतो, हे सांगायला हवे का?

भट्टीवाल्यांची आणखी एक खेळी आहे. ‘उचल फिटली, दवाखान्याचा खर्च आम्ही केला, आता हिशेब बरोबर.’ जुन्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भरपाईच्या रकमेतून कोणतेही येणे वळते करता येत नाही, आणि 2010 पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा आहे. ठेकेदार पळाला तरी काम ज्याचे त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

‘कोर्टात वर्षे जातात, हाती पडते ते बरे’ असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. वर्षे जातात. मी तडजोडीच्या विरोधात नाहीच, चूल पेटायला पैसा आजच लागतो. पण नोंदवलेली तडजोडही तडजोडच असते, फक्त तिच्यावर एक त्रयस्थ नजर पडते. अपघात गुजरातमध्ये झाला म्हणून हात टेकायचे कारण नाही. 1995 च्या दुरुस्तीने कामगार राहतो त्या हद्दीतल्या आयुक्तांकडे दावा करता येतो, मुदत साधारण दोन वर्षांची. वकिलाच्या फीचे म्हणाल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. कारखान्यात कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असेल तर हक्क तिकडे मागावा लागतो, हेही आधी तपासावे.

1945 साली तलासरी तालुक्यातल्या झरी गावात जमलेल्या वारली आदिवासींनी वेठ करायचे नाकारले. त्याच तालुक्यात आज आपलेच सरपंच आणि सदस्य या कागदांवर साक्षीदार होतात, याचे मला वाईट वाटते. तलासरी आणि डहाणू हे दोन्ही तालुके पेसाच्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, क्षेत्रात आहेत. ग्रामसभांनी ठराव करावा की मूल्यांकन आणि नोंदणी झाल्याशिवाय गावातला कोणीही लोकप्रतिनिधी अपघाताच्या तडजोडीला साक्ष राहणार नाही. वरचा गुणाकार ठरावासोबत पंचायतीच्या फलकावर लावावा. आणि डहाणूच्या तालुका विधी सेवा समितीने भट्ट्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, लोक गावातच असताना, तलासरीच्या आठवडी बाजारात टेबल टाकून बसावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
तलासरी